इलेक्ट्रिक गाडीचं चाक: पकड हवी की पल्ला?

ताशी १०० किलोमीटरचा टप्पा ओलांडणारी पहिली मोटार विजेवर चालणारी होती. २९ एप्रिल १८९९ रोजी पॅरिसजवळच्या आशेर इथे बेल्जियमच्या कामी जेनात्झीने टॉर्पेडोच्या आकाराची 'ला जामे कोंतांत' ताशी १०५.८८ किलोमीटरने पळवली. तिला मिशेलिनचे हवा भरलेले टायर होते. वेगवान इलेक्ट्रिक गाडीला कोणता टायर घालायचा, हा प्रश्न इतका जुना आहे.

पुढे बॅटरीच्या मर्यादेने तो प्रश्न पार उलटा केला. १९९६च्या जनरल मोटर्सच्या ईव्ही१मध्ये शिसे-आम्लाची बॅटरी होती, त्यामुळे मिळेल तिथे वीज वाचवायची होती. म्हणून १४ इंची चाकं, १७५ मिलिमीटर रुंदीचे टायर आणि त्यात चक्क ५० पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) हवा. टायर जितका कमी दबेल तितकी कमी ऊर्जा वाया जाते. २०१३च्या बीएमडब्ल्यू आय३ने वेगळी वाट धरली: १९ इंची उंच चाक, पण टायर जेमतेम १५५ मिलिमीटर रुंद. मला ती रचना फार हुशारीची वाटते.

टेस्ला मॉडेल ३च्या परफॉर्मन्स आवृत्तीत पकड आणि पल्ला यांची ओढाताण उघड आकड्यांत दिसते. २०२०च्या गाडीला अमेरिकेच्या ईपीएने, म्हणजे तिथल्या पर्यावरण संस्थेने, १८ इंची चाकांवर ३२२ मैल रेंज (एका चार्जमधला पल्ला) दिली, १९ इंचीवर ३०४ आणि २० इंचीवर २९९. बॅटरी तीच, मोटर त्याच, तरी १८ आणि २० इंचांत सुमारे ३७ किलोमीटरचा फरक. यात चाकाचं वजन आहे, हवेचा विरोध आहे आणि टायरचं रबरही आहे, कारण २० इंचीवर मिशेलिन पायलट स्पोर्ट ४एससारखा चिकट, उन्हाळी टायर येतो. पकड त्याच चिकटपणातून मिळते आणि वीजही तोच खातो.

१८ आणि २० इंची चाकांचे दोन्ही टायर शेजारी उभे केले तर उंची जवळपास सारखीच भरते. २३५/४५ आर१८ (२३५ मिलिमीटर रुंदी, तिच्या ४५ टक्के रबराची उंची, १८ इंची रिम) सुमारे ६६९ मिलिमीटर, २३५/३५ आर२० सुमारे ६७२. फरक पडतो तो रिमच्या कडेपासून रस्त्यापर्यंतच्या रबरात, म्हणजे साइडवॉलमध्ये: एकात १०६ मिलिमीटर, दुसऱ्यात ८२. बोटं लावून पाहा, एका बोटाहून जास्त जाडी कमी झालेली असते. खड्ड्याचा दणका सोसायला तेवढीच हवा कमी.

मोठ्या ब्रेक डिस्कला जागा लागते आणि कमी उंचीची साइडवॉल वळणावर कमी वाकते, ही मोठ्या रिमची खरी कारणं. बाकी बरंचसं दिसण्यासाठी. फॉर्म्युला ई ही इलेक्ट्रिक गाड्यांची शर्यत २०१४ मध्ये १८ इंची चाकांवर सुरू झाली, तेव्हा फॉर्म्युला वन १३ इंचावर होती आणि २०२१च्या हंगामापर्यंत तिथेच राहिली. म्हणजे १३ इंचांवरही जगातल्या सर्वांत वेगवान गाड्या वळत होत्या.

आपल्याकडे चाकणला तयार होणाऱ्या महिंद्रा बीई ६लाही २० इंची चाकांचा पर्याय आहे. पावसाळ्यात पाण्याखालचा खड्डा दिसत नाही. रिम वाकते किंवा साइडवॉलला फुगा येतो, आणि फुगा आलेला टायर बदलावाच लागतो. मी निवडेन ते ब्रेकवर बसणारं सगळ्यात लहान चाक, आणि वाचलेले पैसे चांगल्या रबरावर घालीन. इलेक्ट्रिक गाडी जड असते, म्हणून टायर घेताना साइडवॉलवरचा लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा) मूळ टायरपेक्षा कमी नाही ना, हे दुकानातच वाचून घ्यावं.