मेल न येताही बॅटरी का उतरते?

सकाळी पंचवटी एक्सप्रेसने नाशिकरोडहून मुंबईला निघालेल्या अनेकांची एकच तक्रार असते: फोन खिशात होता, तरी कसारा घाट उतरेपर्यंत चार्जिंग एवढं कसं कमी झालं? त्यात मेलचाही वाटा असू शकतो, आणि त्यासाठी मेल यावाच लागतो असंही नाही.

साध्या मजकुराचा मेल काही केबींचा असतो. तो उतरवायला फारशी वीज लागत नाही. वीज लागते ती फोनमधला रेडिओ, म्हणजे मोबाइल टॉवरशी बोलणारा भाग, जागा करायला आणि जागा ठेवायला. नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावर सवारी उतरली तरी रिक्षावाला पुढच्या सवारीच्या आशेने इंजिन चालूच ठेवतो, तसा ४जीचा रेडिओ डेटा आल्यानंतरही साधारण दहा सेकंद जागाच राहतो.

आता हिशेब करा. फोनने दर १५ मिनिटांनी आपणहून मेल तपासायचा म्हणजे दिवसाला ९६ फेऱ्या. दहा सेकंदांनी गुणलं की १६ मिनिटं. तीन खाती आपापल्या वेळेला तपासली गेली तर ४८ मिनिटं, आणि या काळात एकही मेल आलेला नसेल!

'पुश'मध्ये फोन विचारत नाही, सर्व्हर कळवतो. आयमॅप या सर्व्हरवरचा मेल वाचण्याच्या पद्धतीतली 'आयडल' ही सोय १९९७ची. तीत जोडणी उघडी राहते, पण ती तुटू नये म्हणून फोनला अधूनमधून हाक द्यावीच लागते. प्रत्येक ॲपने अशी स्वतंत्र जोडणी धरली तर पुन्हा तोच खर्च. म्हणून ॲपलने २००९मध्ये सगळ्या ॲपना मिळून एकच जोडणी दिली. अँड्रॉइडमध्येही अशी सामायिक सोय आहे. २०१५च्या अँड्रॉइड ६पासून तर पडून असलेल्या फोनची पार्श्वभूमीतली कामं एकत्र गोळा करून उरकली जातात.

तरीही पुश सगळ्यांनाच स्वस्त पडतो असं नाही. दिवसाला दोनशे जाहिराती येणाऱ्या खात्यावर तो फोनला दोनशेदा उठवू शकतो. तासाला एकदा तपासलं तर २४ फेऱ्यांत भागतं. पिंपळगावच्या द्राक्ष निर्यातदाराने हंगामात कंटेनरच्या कागदपत्रांचं खातं पुशवरच ठेवावं, जाहिरातींचं मात्र हाताने उघडावं.

घाटात सिग्नल क्षीण होतो, तेव्हा रेडिओ जास्त जोर लावून प्रसारण करतो. बोगद्यात जोडणी तुटली की ती नव्याने जुळवावी लागते. तेवढ्या पट्ट्यात फ्लाइट मोड लावणं सर्वांत सोपं. आणि आयफोनच्या मूळ मेल ॲपमध्ये जीमेल जोडलं असेल तर तिथे पुश मिळत नाही, ठरावीक वेळाने तपासणीच होते. पुश हवा असेल तर जीमेलचं स्वतःचं ॲप घ्यावं.