उसाच्या चिपाडाची प्लेट आणि मक्याची पिशवी, दोन्ही एकच नाहीत

सांगलीत काय नि साताऱ्यात काय, डिस्पोजेबलच्या दुकानात इकोफ्रेंडली मागितलं की दोन गोष्टी समोर येतात, एक मळकट पांढरी जाड प्लेट आणि एक हिरव्या अक्षरांची मऊ पिशवी, आणि दोन्हीबद्दल एकच ऐकायला मिळतं, "हे कुजतंय." कुजतं खरं, पण कुठं आणि कशात हे फार वेगळं आहे आणि तेच कुणी सांगत नाही.

प्लेट म्हणजे आपला ऊसच. शंभर टन ऊस गाळला की साधारण 28 ते 30 टन ओला बगॅस म्हणजे चिपाड निघतो, बहुतेक सगळा कारखान्याच्या बॉयलरलाच जातो. प्लेटवाले त्यातला भुसभुशीत गर बाजूला काढतात, राहिलेला धागा शिजवून लगदा करतात आणि गरम साच्यात दाबून वाळवतात, म्हणजे ही प्लेट कागदाचीच भाऊबंद. त्यामुळं ती तुकडे करून परसातल्या खतखड्ड्यात ओल धरून टाकली की काही महिन्यांत माती होते. फक्त एक बघायचं, तेल आणि रस्सा झिरपू नये म्हणून काही प्लेटांना आतून पातळ थर देतात किंवा रसायन घालतात, म्हणून घेताना आत काय लावलंय ते विचारा.

पिशवीचं मात्र तसं नाही. मक्याचं नाहीतर टॅपिओकाचं स्टार्च ग्लिसरीन घालून तापवलं की ते प्लास्टिकसारखं वितळतं, पण नुसत्या स्टार्चची पिशवी ओल लागली की ढिली पडते, म्हणून त्यात पीबीएटी नावाचं पॉलिमर मिसळतात, आणि ते बहुतेक वेळा खनिज तेलापासूनच बनतं! तरी जिवाणू ते खाऊ शकतात, म्हणून पिशवीला कंपोस्टेबल म्हणतात, त्यात फसवणूक नाही. पारदर्शक ग्लास येतात ते पीएलएचे, स्टार्चची साखर करून, ती आंबवून लॅक्टिक आम्ल काढून बनवलेले. त्यात उकळता चहा ओतू नका, साठ अंशाच्या आसपास ते मऊ पडतात.

आता खरा मुद्दा. कंपोस्टेबल ठरवायची चाचणी साधारण 58 अंश तापमानाला होते, आणि 180 दिवसांत त्यातल्या 90 टक्के कार्बनचा कार्बन डायऑक्साइड झाला तरच माल पास. एवढी ऊब मोठ्या कंपोस्ट प्लँटच्या ढिगात असते, आपल्या कुंडीत नसते आणि कृष्णेच्या पाण्यात तर नाहीच नाही. म्हणून ही पिशवी घाटावर टाकून कुणी "कुजेल की" म्हणत असेल तर मला मनापासून वाईट वाटतं, ती पुराबरोबर बाभळीला अडकली की बाकीच्या प्लास्टिकसारखीच लोंबकळत राहणार. भंगारातल्या प्लास्टिकमध्येही ती घालू नका, रिसायकलचा माल नासतो.

शिवाय गरम पाण्यात पिशवी विरघळवून दाखवतात ते व्हिडिओ बघून भुलू नका, विरघळणं म्हणजे कुजणं नव्हे, तसल्या पिशव्या बऱ्याचदा पीव्हीए नावाच्या पाण्यात विरघळणाऱ्या पॉलिमरच्या असतात, तो माल तिसराच.

मग घ्यायचं काय? लग्नाच्या, जत्रेच्या पंगतीला चिपाडाची प्लेट बिनधास्त घ्या, पळसाची पत्रावळ मिळाली तर आणखी उत्तम. पिशवी मात्र शक्यतो कापडाचीच, आणि कंपोस्टेबल घ्यायचीच झाली तर तिच्यावर बनवणाऱ्याचं नाव आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सर्टिफिकेटचा नंबर छापलाय का बघा, नसेल तर दुकानदार काहीही सांगू दे, परत ठेवा.