ओळंब्याच्या मापाने वाढलेली स्वातंत्र्यदेवता

अमेरिकेच्या टपाल खात्याने डिसेंबर 2010 मध्ये स्वातंत्र्यदेवतेचं तिकीट काढलं. पुढे काही महिन्यांनी ध्यानात आलं, की तिकिटावरचा चेहरा न्यूयॉर्कच्या पुतळ्याचा नाहीच. तो लास वेगासमधल्या एका हॉटेलापुढच्या, साधारण निम्म्या उंचीच्या प्रतिकृतीचा आहे. शिल्पकार रॉबर्ट डेव्हिडसन यांनी दावा लावला. आपण चेहरा मुद्दाम वेगळा घडवला, असं त्यांचं म्हणणं होतं. 2018 मध्ये कोर्टाने ते मान्य केलं आणि सुमारे 35 लाख डॉलर भरपाई मिळाली.

प्रतिकृती म्हणजे नुसता मापांचा गुणाकार, असं आपण धरून चालतो. पण ती मापं घ्यायची कशी, यातच सगळी कला आहे. खुद्द न्यूयॉर्कचा पुतळासुद्धा अशीच वाढवत नेलेली प्रत आहे.

मूळ पुतळ्याचे शिल्पकार बार्तोल्दी यांचा प्लॅस्टरचा नमुना 2.85 मीटरचा होता. तो आधी चौपट केला, मग पुन्हा चौपट, म्हणजे सुमारे 46 मीटर. एवढा पुतळा कारखान्यात मावणार कसा? म्हणून शेवटची वाढ तुकड्यातुकड्याने झाली. लहान नमुन्याभोवती चौकट उभारायची, तिच्यावरून ओळंबे सोडायचे. ओळंब्याच्या दोरीपासून वस्त्राची चुणी किती आत आहे आणि पायापासून किती वर, हे मोजायचं, चारने गुणायचं आणि मोठ्या सांगाड्यात तिथे खूण करायची. एका तुकड्यासाठी 300 मुख्य बिंदू आणि 1,200 दुय्यम. प्रत्येकाची सहा मापं, म्हणजे एकूण 9,000. एवढी काटेकोरी का? मूळ नमुन्यातली 1 मिलिमीटरची चूक शेवटी 16 मिलिमीटरची होते आणि ओठांची कड तेवढी सरकली की चेहराच पालटतो. ‘एक फोटो द्या, हुबेहूब पुतळा घ्या’ अशा जाहिरातींना म्हणूनच भुलू नये. नाक किती पुढे आहे, हे समोरून काढलेल्या एका फोटोत मोजताच येत नाही.

बिंदू जुळले की लाकडी पट्ट्यांवर प्लॅस्टर चढवायचं आणि त्याला नेमका बसेल असा लाकडी साचा करायचा. त्यात 2.4 मिलिमीटर जाडीचा तांब्याचा पत्रा तरफेने दाबून हातोडीने ठोकायचा. पुण्याच्या तांबट आळीत ठोके ऐकलेल्यांना पुढचं सांगायला नको: ठोकून तांबं ताठरतं, म्हणून ते मधूनमधून तापवून मऊ करावं लागतं, नाहीतर तडा जातो.

आता हिशोब पाहा. पुतळ्याच्या तांब्याचं वजन सुमारे 28 टन. उंची 16 पट म्हणजे पृष्ठभाग 256 पट. तेवढ्याच जाडीच्या पत्र्याची 2.85 मीटरची प्रत केली, तर ती जेमतेम 110 किलोची होईल आणि जवळजवळ स्वतःच्या बळावर उभी राहील. उलट मोठ्या पुतळ्यावर वाऱ्याचा जोर 256 पट आणि त्याला पायाशी वाकवू पाहणारा जोर 4,096 पट. म्हणून अभियंते आयफेल यांनी आत लोखंडी मनोरा उभारला आणि पत्रा लवचीक लोखंडी पट्ट्यांवर पेलला. पट्ट्या तांब्याच्या खोबणींतून सरकतात, त्यामुळे उन्हात पत्रा प्रसरण पावला तरी ताण येत नाही.

घोटाळा झाला तो इथेच. तांबं, लोखंड आणि खारी दमट हवा एकत्र आली, की बॅटरीच तयार होते आणि त्यात लोखंड झिजतं. दोन्हींच्या मध्ये लाखेत भिजवलेलं अ‍ॅस्बेस्टॉस घातलं होतं, ते कालांतराने निकामी झालं. गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, त्यामुळे पट्ट्या खोबणीत फुगल्या आणि रिवेट उपटून निघाले.

1986 मध्ये संपलेल्या दुरुस्तीत सुमारे 1,800 पट्ट्या बदलून स्टेनलेस स्टीलच्या बसवल्या, मध्ये टेफ्लॉन घातलं. पत्र्याच्या वळणानुसार प्रत्येक पट्टीचा आकार निराळा. म्हणून जुनी पट्टी काढायची, तिच्यावरून नवी वाकवायची आणि त्याच जागी बसवायची, असं काम चाललं. एका वेळी थोड्याच पट्ट्या काढल्या जात, कारण आधार जास्त काढला असता तर पत्राच वाकडा झाला असता.