झिपमधली नावं: चौकोन दिसणं वेगळं, कचरा दिसणं वेगळं

झिप उघडली आणि आतल्या फाइलींची नावं वाचता आली नाहीत, की बेळगाव-निपाणी पट्ट्यात पहिला सल्ला ठरलेला: "फॉन्ट टाक." याला कारणही आहे. इथल्या डीटीपीवाल्यांनी मराठीला श्रीलिपी आणि कन्नडला नुडी हे फॉन्ट वापरत वर्षं काढली. तो फॉन्ट नसला तर मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो आणि फॉन्ट टाकला की खरंच सुधारतो. पण हे झालं फाइलच्या आतल्या मजकुराचं. फाइलच्या नावाला तोच न्याय लावला की संध्याकाळ वाया गेलीच म्हणून समजा.

फॉन्ट नसणं सगळ्यांना ठाऊक आहे. अक्षरं शाबूत असतात, फक्त ती काढायला चित्र नसतं, म्हणून प्रत्येकाच्या जागी एकसारखा रिकामा चौकोन येतो. नोटो सॅन्स देवनागरी आणि नोटो सॅन्स कन्नड हे फॉन्ट टाका, विषय संपला.

कचऱ्याचं, म्हणजे नावाच्या जागी भलतीच अक्षरं दिसण्याचं, मूळ वेगळं. झिपमध्ये नाव म्हणजे नुसते बाइट, ० ते २५५ मधले आकडे. ते कसे वाचायचे हे नावासोबतच्या फ्लॅगमधला (खुणांच्या आकड्यातला) बिट ११ (किंमत २०४८) सांगतो. तो लागलेला असेल तर यूटीएफ-८ (सगळ्या लिप्या लिहायची आजची पद्धत), नसेल तर झिपच्या तपशिलाप्रमाणे कोडपेज (कुठल्या बाइटला कुठलं अक्षर याचा तक्ता) ४३७, म्हणजे जुन्या आयबीएम पीसीची अक्षरं. बिट ११ ची ही सोय २००६ साली आली. तरीही नाव यूटीएफ-८ मध्ये लिहून बिट न लावणारे प्रोग्राम आहेतच; मॅकची आर्काइव्ह युटिलिटी त्यासाठी बदनाम आहे.

आता एकच अक्षर घ्या: 'म'. यूटीएफ-८ मध्ये त्याचे तीन बाइट: २२४, १६४, १७४. कोडपेज ४३७ ने वाचले तर ग्रीक आल्फा, डोक्यावर नागमोडी रेघ असलेला एन आणि फ्रेंच अवतरणचिन्ह. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह २२४ नंतर १६४ किंवा १६५ ने चालतं, म्हणून मराठी नावात आल्फा आणि तो एन (कधी लहान, कधी मोठा) अशी जोडी सतत दिसते. कन्नडमध्ये २२४ नंतर १७८ किंवा १७९ येतो: आल्फा आणि ठिपक्यांनी भरलेला ठोकळा, नाहीतर आल्फा आणि उभी रेघ. कचरा पाहून मूळ नाव कुठल्या भाषेतलं होतं ते कळतं.

खरा घोटाळा या ठोकळ्याने होतो. एकाच झिपमध्ये मराठी याद्या आणि कन्नड उतारे असले, तर मराठी नावं सरळ कचरा वाटतात, कन्नड नावांत मात्र 'चौकोन' दिसतात. लगेच निदान होतं की कन्नडचा फॉन्ट नाही. तो ठोकळा म्हणजे १७८ या बाइटचं कोडपेज ४३७ मधलं रीतसर अक्षर आहे, आणि फॉन्टने ते बरोबर काढलंय!

खात्री करायला नाव कॉपी करून स्वतःच्या फोनवर पाठवा. फोनवर नीट वाचता आलं तर संगणकात फॉन्ट नाही. तिथेही आल्फाच दिसला तर नाव चुकीचं वाचलं गेलंय. मग एकेक नाव हाताने बदलत बसू नका, झिप पुन्हा उघडा. सेव्हन-झिपला 'एमसीपी' पर्यायात ६५००१ (म्हणजे यूटीएफ-८) द्या. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत ३.११ पासून झिपफाइल मॉड्यूलला 'मेटाडेटा एन्कोडिंग' सांगता येतं. इन्फो-झिपच्या स्वयंसेवकांचं अनझिप ६.० हे २००९ चं; लिनक्सच्या उबुंटूने त्यावर ठिगळ (पॅच, म्हणजे कोडमधली दुरुस्ती) लावून मोठ्या 'ओ' चा पर्याय दिलाय, तिथे यूटीएफ-८ लिहा. ठिगळाविना असलेल्या अनझिपमध्ये तो मिळणार नाही.

हौसेने अशा प्रोग्रामला ठिगळ लावणाऱ्यांची ठरलेली चूक म्हणजे बिट नसलेलं सगळं यूटीएफ-८ धरून मोकळं होणं. उद्यमबागेतल्या एखाद्या फौंड्रीला जर्मनीहून जुन्या ड्रॉइंगची झिप आली, तर त्यातला दोन टिंबांचा यू म्हणजे १२९ हा एकच बाइट, जो यूटीएफ-८ मध्ये एकटा चालत नाही. क्रम असा ठेवा: आधी बिट ११. तो नसेल तर इन्फो-झिपचं युनिकोड पाथ हे जादा फील्ड, पण त्यातला सीआरसी (पडताळणीचा आकडा) मूळ नावाशी जुळला तरच. तेही नसेल तर झिपमधली सगळी नावं वैध यूटीएफ-८ आहेत का ते एकत्र तपासा. एकेका नावावरून ठरवू नका, आखूड नाव योगायोगानेही पास होतं. शेवटी वापरणाऱ्याने दिलेलं कोडपेज, आणि तेही नसेल तेव्हाच ४३७. ठिगळासोबत फॉन्टचं पॅकेज सक्तीचं करणाऱ्यांना तर हात जोडावेत.

याच रोगाचं आणखी एक लक्षण: "नाव फार लांब आहे" म्हणून फाइल सुटतच नाही. लिनक्सच्या ईएक्सटी४ या फाइल-सिस्टिमवर नावाला २५५ बाइटची मर्यादा असते. मराठीचं एक चिन्ह ३ बाइटचं, कचरा होऊन पुन्हा यूटीएफ-८ झालं की साधारण ६ बाइटचं. म्हणजे जिथे ८५ चिन्हं मावली असती तिथे बेचाळीसच्या आसपास गाडी अडते.

नावात नुसती प्रश्नचिन्हं दिसली तर आधी टर्मिनलचं लोकेल (भाषा आणि अक्षरांची सेटिंग) पाहा. ते 'सी' वर असेल तर नीट नावंही तशीच दिसू शकतात. लोकेल ठीक असेल आणि झिपच्या आतच ६३ हा बाइट असेल, तर अक्षरं झिप करतानाच गेली. तिथे फॉन्टही नको आणि ठिगळही नको. पाठवणाऱ्याला दुसऱ्या प्रोग्रामने झिप करून परत पाठवायला सांगा.