अनाहत नाद: मिटल्या कानांतली गाज

नादानुसंधान म्हणजे आघाताशिवाय आत उमटणारा अनाहत नाद ऐकत चित्त त्यात लावणं. त्याला बसणाऱ्याची कोकणकिनाऱ्यावर एक खास अडचण होते. ‘हठयोगप्रदीपिका’ या हठयोगाच्या ग्रंथाने सुरुवातीच्या नादांत पहिला सांगितला तो समुद्राचा, आणि पावसाळ्यात दर्याची गाज पार आतल्या वाड्यांपर्यंत ऐकू येते. वर रातकिडे आणि रात्रभर गळणाऱ्या पागोळ्या. आतलं कुठलं आणि बाहेरचं कुठलं, हे ठरवायला या साधनेचा इतिहास उपयोगी पडतो.

या नादाची सर्वांत जुनी नोंद योगाच्या संदर्भातली नाही, जठराग्नीच्या आहे. बृहदारण्यक उपनिषद सांगतं की अन्न पचवणाऱ्या वैश्वानर अग्नीचा घोष कान झाकल्यावर ऐकू येतो, आणि माणूस देह सोडून जायला निघाला की तो ऐकू येत नाही. छांदोग्यात हाच ध्वनी पेटलेल्या आगीसारखा म्हटला आहे. म्हणजे हा आवाज आधी देह जिवंत असल्याची खूण होता. चित्त लीन करण्याचं साधन तो पुढे झाला, आणि हे वळण मुख्यतः नाथपंथी हठयोगात दिसतं.

पंधराव्या शतकात स्वात्मारामाने ‘हठयोगप्रदीपिके’च्या चौथ्या उपदेशात ही साधना गोरक्षनाथांच्या नावे दिली. आरंभ, घट, परिचय, निष्पत्ती अशा चार अवस्था. नादांचा क्रम असा: आधी समुद्र, मेघ, भेरी (नगारा), मग मर्दल (मृदंगासारखं वाद्य), शंख, घंटा, शेवटी किंकिणी, वेणू, वीणा आणि भुंगा. हंसोपनिषदाची यादी उलटी चालते: ‘चिणी’पासून मेघगर्जनेपर्यंत दहा नाद, त्यातले नऊ सोडून दहावा धरायचा. दोन याद्या जुळत नाहीत, म्हणून ‘मला कितवा नाद आला’ हा हिशेब निरर्थक ठरतो. प्रदीपिकाही शेवटी निःशब्दालाच परब्रह्म म्हणते.

मराठीत हे आलं ते ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातून (शके १२१२, इ.स. १२९०). कुंडलिनीच्या वर्णनात अनाहताच्या मेघाने आकाश दुमदुमतं. त्याआधी देवगिरीच्या यादव दरबारात शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकरा’त आहत (आघाताने उमटणारा) आणि अनाहत नाद वेगळे केले; अनाहतात लोकरंजन नाही, म्हणून संगीतासाठी त्याने आहत घेतला. नाथपरंपरेचा धागा कोकणात रत्नागिरीजवळच्या पावसला स्वामी स्वरूपानंदांपर्यंत (१९०३–१९७४) येतो. तिथली वाट सोऽहंची: श्वास आत येताना ‘सो’, बाहेर जाताना ‘हं’. कान दाबावे लागत नाहीत, आणि नवख्याला हीच वाट अधिक सोयीची.

कान मिटायचेच तर षण्मुखी मुद्रा. अंगठे कानाच्या भोकात खुपसायचे नाहीत. भोकापुढचा कूर्चेचा उंचवटा हलकेच आत दाबायचा. तर्जनी पापण्यांवर नुसत्या टेकवायच्या, मधली बोटं नाकपुड्यांशी, उरलेली ओठांच्या वर-खाली. श्वास चालू राहील एवढी नाकपुडी मोकळी ठेवायची. डोळ्यांवर दाब पडला तर नाडी मंदावून भोवळ येऊ शकते. काचबिंदू असलेल्यांनी बोटं डोळ्यांवर ठेवूच नयेत. मग लक्ष उजव्या कानाकडे. वेळ घेरंडसंहिता या हठयोगाच्या दुसऱ्या ग्रंथाने सांगितलेली, मध्यरात्रीनंतरची. गाज मोठी असेल तर समुद्राकडची खिडकी लावून आतली खोली घ्यावी.

इथली नेहमीची फसगत म्हणजे पहिल्याच बैठकीत येणारी घरघर. ती बरीचशी हाताच्या स्नायूंची असते. इंग्रज शास्त्रज्ञ वोलॅस्टनने १८१० मध्ये हाच आवाज अभ्यासला होता. कोपरं अधांतरी असली की स्नायू ताणले जातात आणि घरघर वाढते; कोपरं चौरंगावर किंवा कुबडीवर (योग्यांच्या हात टेकवायच्या लाकडी आधारावर) टेकवली की घरघर कमी होते. जी कमी झाली ती हाताची होती. राहिलेल्या आवाजात सूक्ष्म नाद शोधायचा, आणि तो सापडला की जाड, ढोबळ आवाज सोडून त्याच्यामागे जायचं. हात न लावताही शांततेत कान वाजतात: १९५३ मध्ये हेलर आणि बर्गमन यांनी निकोप कानांची ८० माणसं ध्वनिरोधक खोलीत बसवली, तेव्हा पाच मिनिटांत ९४ टक्क्यांना काही ना काही ऐकू आलं. यामुळे साधना खोटी ठरत नाही. प्राचीनांनीही देहाचाच घोष धरून सुरुवात केली होती.

मात्र नाद एकाच कानात येत असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असेल, सोबत चक्कर किंवा बहिरेपण असेल, तर बैठक थांबवून कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावं. ऐकू येणं अचानक कमी झालं असेल तर त्याच दिवशी जावं, कारण उपचाराचा उपयोग सुरुवातीच्या दिवसांतच जास्त होतो.