कार्पेट भिजलं? वाळवायच्या आधी पाणी कुठलं ते बघा

जुलै उजाडला की कोल्हापुरात सगळ्यांचं लक्ष राजाराम बंधाऱ्याकडं, पंचगंगेची पातळी तिथं मोजतात. 39 फुटाला इशारा, 43 ला धोका, हे आकडे इथल्या शाळकरी पोरांनापण पाठ आहेत, आणि 2019 चा ऑगस्ट नि 2021 चा जुलै ज्यांनी नदीकाठच्या गल्ल्यांत काढलाय त्यांना पूर ओसरल्यावरची साफसफाई काय असते ते वेगळं सांगायला नको. पण कार्पेट भिजलं म्हटलं की अजूनपण सल्ला एकच मिळतो, फॅन लाव, खिडक्या उघड, वाळेल. यात दोन गोष्टी चुकतात आणि दोन्ही सायन्सच्या आहेत.

पहिली म्हणजे पाणी कुठलं. वरच्या टाकीचं किंवा गीझरच्या पाईपचं पाणी स्वच्छ, वॉशिंग मशीनचं मधलं, आणि ड्रेनेजचं किंवा पुराचं पाणी सगळ्यात घाण. पंचगंगेचं पाणी घरात येतं ते गटारं, सेप्टिक टँक, शेतातली खतं, गाड्यांचं ऑईल असं सगळं बरोबर घेऊनच येतं, त्यात लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाचे) जंतू पण असू शकतात. असल्या पाण्यात भिजलेलं भिंतीपासून भिंतीपर्यंतचं चिकटवलेलं कार्पेट आणि त्याखालचा फोम सरळ टाकून द्यायचा, कितीही महागाचा असला तरी. वाईट वाटतं, मान्य आहे, पण ज्या घरात लहान पोरं जमिनीवर रांगतात तिथं हा धोका कशाला घ्यायचा? आणि स्वच्छ पाणी कायम स्वच्छ राहत नाही बरं का, साधारण 24 ते 48 तासांत बुरशी धरायला लागते, म्हणजे सोमवारी टाकी ओव्हरफ्लो झाली आणि गुरुवारी कार्पेट उचललं तर ते पाणी आता स्वच्छ धरायचं नाही.

हाताने विणलेला लोकरी गालिचा असला तर गोष्ट वेगळी, तो पूर्ण पाण्यात बुडवून धुता येतो, गालिचे धुणाऱ्या माणसाकडे दिला तर पुरातनंसुद्धा वाचू शकतो. म्हणून आधी आपलं काय आहे ते ओळखा. कडेचा एक धागा ओढून काढा, वाळवा आणि काडीने पेटवून बघा. लोकर असेल तर केस जळाल्यासारखा वास येतो आणि बोटांत चुरगळणारी काळी राख उरते, नायलॉन किंवा पॉलिस्टर वितळून कडक गोळी होते. मग ओला पांढरा रुमाल गालिच्यावर मिनिटभर दाबून धरा, रंग उतरला तर घरी धुवायच्या फंदात पडूच नका. मशीनचं कार्पेट असेल तर कोपरा उचलून दुमडा, खालचा थर सुटून येत असेल किंवा पांढरी पावडर गळत असेल तर आतलं लॅटेक्स, म्हणजे थर चिकटवणारं रबर, गेलंय, ते काही परत जोडत बसण्यात अर्थ नाही.

आता दुसरी गोष्ट, वाळवणं. हिशोबच करूया. 10 बाय 12 ची खोली, उंची 10 फूट, म्हणजे हवा साधारण 34 घनमीटर. पावसाळ्यात आपल्याकडं 24 डिग्री आणि आर्द्रता 90 टक्के धरा. 24 डिग्रीला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त 22 ग्रॅमच्या आसपास वाफ मावते, त्यातली 90 टक्के जागा आधीच भरलेली, उरली 2 ग्रॅम. म्हणजे अख्ख्या खोलीची हवा मिळून 75 ग्रॅम पाणी घेणार, एक कप चहासुद्धा नाही, आणि कार्पेटात समजा 30 लिटर पाणी आहे. बाहेरची हवापण तेवढीच ओली, मग खिडक्या उघडून काय होणार? शिवाय एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे 2400 किलोज्यूल ऊर्जा लागते, 30 लिटरला साधारण 20 युनिट लाईट.

म्हणून पाणी वाफ करून नाही, पाणी म्हणूनच ओढून काढायचं. मेन स्विच बंद करा, ज्या भागातली लाईट सुरक्षित आहे असं इलेक्ट्रिशियनने सांगितलंय तिथंच मशीन लावा, आणि वेट-ड्राय व्हॅक्यूमने, म्हणजे पाणीसुद्धा ओढणाऱ्या व्हॅक्यूम क्लीनरने, सावकाश, एकाच जागेवरनं पुन्हापुन्हा फिरवा, पाणी यायचं थांबेपर्यंत. याच्यावर घालवलेला अर्धा तास पुढं फॅनचा अख्खा दिवस वाचवतो. फोम स्वच्छ पाण्यात भिजला असला तरी काढून बाजूला करा, तो स्पंजासारखा धरून ठेवतो आणि स्वस्तात नवीन मिळतो. नंतर दारं-खिडक्या बंद करून डीह्युमिडिफायर (हवेतली ओल काढणारं मशीन) किंवा एसी ड्राय मोडवर, सोबत जमिनीलगत फॅन. हीटरने नुसती खोली तापवून ओली हवा आतच कोंडली तर बुरशीला आयतंच घर मिळतं.

पुरानंतर ब्लीचिंग पावडर वाटतात, ती फरशीला ठीक आहे. लोकरीवर अजिबात नाही, ब्लीच लोकरीचं प्रथिनच विरघळवतं. आणि ब्लीचिंग पावडरमध्ये टॉयलेटचं ॲसिड कधीच मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो, बंद खोलीत ते जीवावर बेतू शकतं.

शहाबादी फरशीवर कार्पेट परत टाकायची घाई करू नका. प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवून एक दिवस ठेवा, खालनं दव धरलं तर फरशी अजून ओली आहे. लोकर तर आणखी फसवी, स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ 30 टक्के ओल पिऊनसुद्धा हाताला कोरडी लागते, तेव्हा वरनं हात फिरवून ठरवू नका, उलटी करून बुडाला बघा.

आणि वाळताना तपकिरी डाग वर आले तर घाबरून परत पाणी ओतू नका. खालचं पाणी धाग्यातनं वर चढतं, टोकाला त्याची वाफ होते आणि बरोबर आणलेला गाळ तिथंच राहतो, ज्यूटचं बॅकिंग, म्हणजे खालचा थर तागाचा, असेल तर त्याचा रंगपण येतो. डागावर पांढरा जाड टॉवेल घाला, वर प्लॅस्टिक टाकून वजन ठेवा म्हणजे ते पाणी धाग्याच्या टोकाला न थांबता टॉवेलात जाईल, आणि टॉवेल पिवळा निघाला की बदला, पांढरा निघेपर्यंत.