रिपोर्टातला हायटस हर्निया आणि मामाची जळजळ, मागची गोष्ट

मागच्या उन्हाळ्यात मामाची नागपूरला धंतोलीत एन्डोस्कोपी झाली. दोन-तीन वर्षांपासून रात्री घशाशी आंबट पाणी यायचं, छातीत जळजळ, पित्ताची गोळी तर शर्टाच्या खिशात खर्र्याच्या (तंबाखू-सुपारीच्या) पुडीसोबतच राहायची. रिपोर्टात खाली एक ओळ होती, 'स्मॉल स्लायडिंग हायटस हर्निया, २ सेमी'. झालं, घरात गोंधळ. आमच्याकडे हर्निया म्हणजे जांघेतला, त्यामुळे मामी म्हणाली पट्टा बांधा अन् सिलिंडर उचलू नका, आणि मामा मला म्हणे, "काहून बे, जळते छातीत अन् हर्निया कुठून आला?" प्रश्न बरोबर होता, कारण ह्याच प्रश्नावर डॉक्टर लोकं कितीतरी वर्षं आपसात भांडलेत.

आधी हे काय असतं ते सांगतो. छाती आणि पोटाच्या मधे श्वासपटल असतं, त्याला एक भोक, त्यातून अन्ननलिका खाली जठरात उतरते. ते भोक म्हणजे हायटस. ते सैल पडलं की जठराचा वरचा भाग छातीत सरकतो. बहुतेकांना, म्हणजे १०० पैकी ९५ जणांना, हा वर-खाली सरकणारा स्लायडिंग प्रकारच असतो. दुसऱ्या प्रकारात जठर अन्ननलिकेच्या बाजूने वर घुसतं, तो कमी दिसतो पण त्यात पीळ पडायची भीती असते. पट्ट्याचा दोन्हीत काही उपयोग नाही, उलट पोट आवळलं तर आतला दाब वाढून ॲसिड अजून वर चढतं.

आता जळजळ तर जुनीच आहे. माधवनिदानात अम्लपित्ताचा वेगळा अध्याय आहे आणि त्यात वर चढणारं ऊर्ध्वग आणि खाली जाणारं अधोग असे दोन प्रकार दिलेत. तिकडे जर्मनीत क्विंकेने १८७९ साली लिहिलं की अन्ननलिकेतले काही व्रण जठराच्या पाचक रसामुळे होतात, पण ते फार कोणी मनावर घेतलं नाही. हर्नियाची गोष्ट तोपर्यंत वेगळ्याच रस्त्याने चालली होती, शवविच्छेदन करताना पोटातले अवयव छातीत दिसायचे, तलवारीच्या नाहीतर गोळीच्या जखमेने पडदा फाटलेला असायचा, एवढंच. जिवंत माणसात हे दिसायला एक्स-रे आणि बेरियम (एक्स-रेत पोट दिसावं म्हणून पाजतात ते पांढरं औषध) यावं लागलं. १९२६ मध्ये स्वीडनच्या ऑकरलुंड नावाच्या रेडिओलॉजिस्टने 'हायटस हर्निया' हे नाव वापरून त्याचे तीन प्रकार पाडले. १९३५ मध्ये न्यूयॉर्कच्या विंकेलस्टीनने म्हटलं की अन्ननलिकेची ही सूज ॲसिडमुळेच येत असावी. म्हणजे हर्निया एका फाईलमध्ये आणि ॲसिड दुसऱ्या फाईलमध्ये.

ह्या दोन फाईली एकत्र बांधल्या इंग्लंडात लीड्सच्या फिलिप ॲलिसन ह्या सर्जनने, १९५१ मध्ये. त्याचं म्हणणं सोपं होतं, जठर वर सरकलं की श्वासपटलाच्या स्नायूची पकड सुटते, ॲसिड वर येतं, आणि म्हणून जळजळ. मग हर्निया खाली ओढून भोक शिवून टाका. तेव्हापासून हर्निया म्हणजेच रिफ्लक्स (ॲसिड वर येणं) असं समीकरण बसलं आणि बेरियममध्ये हर्निया दिसला की ऑपरेशन असा काळ आला. पण १९७३ मध्ये ॲलिसननेच आपल्या २० वर्षांच्या पेशंट्सचा हिशेब मांडला, आणि कितीतरी जणांना त्रास परत आलेला. स्वतःच्याच ऑपरेशनचं अपयश स्वतः छापणारा सर्जन, मला तर ह्या सगळ्या कहाणीत हाच माणूस सगळ्यात आवडला.

मधल्या काळात १९५६ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकात (आपलं नागपूरचं सीए रोडवरचं मेयो नव्हे बरं) नळी टाकून दाब मोजला तेव्हा अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला जास्त दाबाचा एक पट्टा सापडला, म्हणजे तिथे स्वतःचीच एक झडप आहे. मग १९७१ मध्ये कोहेन आणि हॅरिस ह्यांनी दाखवलं की त्रास झडपेच्या दाबावर ठरतो, हर्निया आहे की नाही ह्यावर नाही. झालं, लंबक पूर्ण दुसऱ्या टोकाला! हर्नियाला कोणी विचारेना. त्यात १९७६ ला ॲसिड कमी करणारं सिमेटिडिन आलं, पुढे ८०च्या दशकाच्या शेवटी ओमेप्राझोल, गोळीने काम होतंय तर भोकाकडे बघतो कोण.

ऑपरेशनवाले मात्र गेले नव्हते. रुडॉल्फ निसेन, हिटलरमुळे जर्मनी सोडून इस्तंबूलला गेलेला ज्यू सर्जन (ह्यानेच १९४८ मध्ये आइन्स्टाइनच्या फुगलेल्या रक्तवाहिनीला सेलोफेन गुंडाळलं होतं), त्याने १९५५ मध्ये स्वित्झर्लंडच्या बाझेलला जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती मफलरसारखा गुंडाळला. १९९१ पासून तेच दुर्बिणीने व्हायला लागलं.

मग आता खरं काय? दोघंही अर्धे बरोबर निघाले. ८०-९० च्या दशकात समजलं की झडप मधूनमधून विनाकारण सैल पडते, गिळलं नाही तरी, आणि हे धडधाकट माणसातही होतं. पण बाहेरून श्वासपटलाचा स्नायूही आवळून धरत असतो, म्हणजे एकावर एक दोन कड्या. हर्नियात ह्या दोन कड्या एकमेकींपासून सरकतात. शिवाय २००१ मध्ये ग्लासगोत दिसलं की जेवणानंतर अन्नाच्या वर ताज्या ॲसिडचा एक थर जमतो. हर्निया असला तर हा थर श्वासपटलाच्या वरच अडकून बसू शकतो, मग झडप जराशी सैल पडली की ॲसिड थेट वर. सावजी मटणाचं जेवण करून अर्ध्या तासात आडवं झालं की मामाला जे व्हायचं ते हेच. पण हर्निया असून काहीच त्रास नसलेले लोकं भरपूर आहेत, आणि हर्निया नसताना रात्रभर जळजळणारेही.

गंमत म्हणजे मामाच्या फाईलमध्ये दोन वर्षांपूर्वीचाही एक एन्डोस्कोपी रिपोर्ट निघाला, त्यात हर्नियाचं नावच नव्हतं. मामा चिडला, "यातला खोटा कोणता?" खोटा कोणताच नाही. स्लायडिंग म्हणजे सरकणारा, श्वासाबरोबर, गिळताना, तपासणीत हवा भरली की जागा बदलते, आणि २ सेमीवाला कधी दिसतो कधी नाही. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलंच नाही. गोळी सकाळी जेवणाच्या अर्धा तास आधी, वजन कमी, खर्रा बंद, जेवण आणि झोप ह्यात ३ तास. सावजी आता रविवारी दुपारी असतं, पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली मामीने विटा लावल्यात, आणि सिलिंडर अजूनही मलाच उचलावं लागतं.